मेल आला, पण दिसत नाही? 'प्रोकमेल'मध्ये तो कुठे अडकला, हे असं शोधा

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा अनेकांचा ईमेल काळ्या पडद्यावर नुसत्या अक्षरांत यायचा. आजही लिनक्स वापरणारे काही जण 'मट' हा तसाच अक्षरी प्रोग्राम वापरतात. मट मेल दाखवतो. आलेला मेल वेगवेगळ्या फोल्डरमध्ये टाकायचं काम अनेकदा 'प्रोकमेल' करतो. म्हणून मेल सापडत नसेल, तर आधी प्रोकमेल तपासा.

नियम कसे चालतात?

कॉटन ग्रीनहून वडाळ्याच्या दिशेने निघालात, तर वडाळा रोडनंतर एक फाटा पनवेलकडे जातो, दुसरा गोरेगावकडे. गोरेगावच्या गाडीत बसलात, तर पनवेल येणार नाही. इथेही तसंच आहे. नियम वरून खाली तपासले जातात. मेल फोल्डरमध्ये टाकणारा पहिला नियम लागू झाला, की तपासणी तिथेच थांबते. त्यामुळे नेमके नियम वर आणि ढोबळ नियम खाली ठेवा.

आधी काय कराल?

सगळ्यात वर प्रत्येक मेलची प्रत बॅकअप फोल्डरमध्ये टाकणारा नियम लिहा. नियमाच्या पहिल्या ओळीतल्या शून्यापुढे 'सी' लिहिलं, की फक्त प्रत बाजूला जाते आणि मूळ मेल पुढे सरकतो. मग लॉग फाइल आणि सविस्तर नोंदी सुरू करा. स्वतःलाच एक मेल पाठवा. कोणता नियम जुळला आणि मेल कुठे गेला, हे लॉगमध्ये दिसेल.

नेहमीच्या चार चुका

- परवानगी: नियमांच्या फाइलमध्ये इतरांनाही बदल करता येत असेल, तर प्रोकमेल ती फाइल वाचतच नाही.
- फोल्डर: मुख्य मेल फोल्डरचा पत्ता चुकला, की मेल भलतीकडे जातो.
- मटची यादी: नवं फोल्डर मटच्या मेलबॉक्स यादीत नसेल, तर तिथे मेल आल्याचं कळत नाही.
- मराठी विषय: 'वीजबिल' हा शब्द मेलच्या विषयात असला, तरी प्रवासात तो इंग्रजी अक्षरं आणि अंकांच्या सांकेतिक रूपात असतो. प्रोकमेल तेच रूप वाचतो, म्हणून मराठी शब्दाचा नियम जुळत नाही. त्याऐवजी पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर नियम लावा.

हे टूल अजून वापरावं का?

१९९० मध्ये आलेल्या प्रोकमेलची २००१ नंतर जवळपास दोन दशकं नवी आवृत्ती आली नव्हती. नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी 'सिव्ह' हा पर्याय आहे. टूल कोणतंही असो, नकोसे मेल थेट डिलीट करणारा नियम लगेच लावू नका. आठवडाभर ते वेगळ्या फोल्डरमध्ये साठवा आणि त्यात कामाचा मेल अडकलाय का, ते पाहा.