अश्रुधूर मोर्चावर चालतो, रणांगणावर नाही

मोर्चा बिथरला, दगड भिरकावले जाऊ लागले की पोलीस अश्रुधुराची नळकांडी फोडतात. दुसऱ्या दिवशी पेपरात ती बातमी वाचून आपण पान उलटतो. तेच नळकांडं एखाद्या सैनिकाने शत्रूच्या खंदकात फेकलं, तर मात्र आंतरराष्ट्रीय कराराचा भंग होतो. १९९३च्या रासायनिक शस्त्रबंदी कराराने दंगल आवरण्यासाठी अश्रुधुराला मुभा ठेवली आणि लढाईचं हत्यार म्हणून त्याला मनाई केली.

जिथे माणसाला बॉम्बने उडवायला हरकत नाही, तिथे डोळे चुरचुरवणाऱ्या धुराला बंदी! ऐकून हसू येतं. पण कारण अगदी व्यवहारी आहे. अंगावर येणारा ढग अश्रुधुराचा की जीवघेण्या वायूचा, हे खंदकातल्या माणसाला कळायला मार्ग नसतो. तो वाईटच धरून चालणार आणि त्याच्याकडे जे काही असेल ते उलट सोडणार. शिवाय व्हिएतनाममध्ये अमेरिकी फौजांनी अश्रुधूर वापरला तो बंकर आणि भुयारांतली माणसं बाहेर काढायला. बाहेर आलेला माणूस गोळीच्या टप्प्यात यायचा. म्हणजे 'सौम्य' हत्याराने मारण्याचंच काम सोपं केलं होतं.

प्रेमात आणि युद्धात सगळं माफ, ही म्हण आपण इंग्रजीतून उचलली आणि आजीच्या तोंडची असल्यासारखी वापरतो. पाश्चात्त्य लष्करांबद्दलचे आपले निम्मे गैरसमज तिच्यातून येतात. उरलेले निम्मे येतात ते स्क्रीनवर निळ्या-राखाडी रंगात दिसणाऱ्या, खिडकीतून अलगद आत शिरणाऱ्या क्षेपणास्त्रांच्या चित्रफितींमधून. एका गटाला वाटतं ही मंडळी बेछूट मारतात, दुसऱ्याला वाटतं ती शस्त्रक्रियेसारखं युद्ध करतात. खरी गोष्ट अशी की तिथे संयम हे एक शिकवलं जाणारं काम आहे. त्याची टेबलं आहेत, तक्ते आहेत, परीक्षा आहेत. आणि कुठल्याही कामासारखं ते निष्काळजीपणेही करता येतं.

दमदमची गोळी

शस्त्रांवरच्या बंदीच्या इतिहासात आपल्याकडचं एक नाव कायमचं अडकून बसलं आहे. कोलकात्याजवळच्या दमदमच्या शस्त्र कारखान्यात १८९०च्या दशकात ब्रिटिशांनी अशी गोळी बनवली, जी शरीरात शिरल्यावर पसरते आणि जखम भयंकर मोठी करते. १८९९च्या हेग परिषदेत अशा गोळ्यांवर बंदीचा जाहीरनामा निघाला. ब्रिटनने तेव्हा विरोध केला आणि १९०७मध्ये तो मान्य केला. आज गंमत अशी की अनेक देशांचे पोलीस पसरणारी गोळीच वापरतात, कारण ती समोरच्याच्या शरीरात थांबते, आरपार जाऊन मागच्या माणसाला लागत नाही. पोलिसाला चालणारी गोळी सैनिकाला चालत नाही, ती अशी.

"वकील आले आणि सैनिकांचे हात बांधले गेले"

हे वाक्य निवृत्त अधिकाऱ्यांच्या तोंडी बरंच ऐकू येतं, आणि ते अर्धंच खरं आहे. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया यांच्या सैन्यात गणवेशातले कायदा अधिकारी असतात. हवाई हल्ल्यांचं नियोजन चालतं त्या खोलीत त्यांचं टेबल असतं. लक्ष्य लष्करी आहे का, आसपास कोण राहतं, कोणता बॉम्ब, कोणत्या कोनातून, दिवसा की रात्री, यावर ते मत देतात. निर्णय मात्र कमांडरचा.

अशा नियमावलीची परंपरा जुनी आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६३ साली, लिंकनच्या सरकारने फ्रान्सिस लिबर या प्राध्यापकाकडून १५७ कलमांची नियमावली लिहून घेतली. लिबरची तीन मुलं त्या युद्धात लढली, दोन उत्तरेकडून आणि एक दक्षिणेकडून. दक्षिणेकडून लढणारा मेला, उत्तरेकडच्या एकाने हात गमावला. असा बाप नियम लिहायला बसला तर तो हळवं काही लिहील, असं वाटतं. पण लिबरच्या नियमावलीत शत्रूला, मग तो हत्यारबंद असो वा नि:शस्त्र, उपाशी ठेवणं कायदेशीर म्हटलं आहे.

इथेच मोठा गैरसमज आहे. युद्धाचा कायदा म्हणजे निव्वळ मनाई, असं आपण धरून चालतो. तो तितकाच परवानगीचाही कायदा आहे. जिनिव्हा करारांच्या १९७७च्या पहिल्या पुरवणी करारात प्रमाणाचा नियम आहे: हल्ल्यातून मिळणाऱ्या ठोस लष्करी फायद्याच्या मानाने सामान्य नागरिकांची अपेक्षित हानी अवाजवी असता कामा नये. 'अवाजवी' हा शब्द नीट वाचावा. एकही नागरिक मरता कामा नये, असं त्यात कुठे म्हटलेलं नाही.

मग व्यवहारात हे तोलतात कसं? २००३च्या इराक युद्धात अमेरिकी हवाई दलाला एक आकडा दिलेला होता. एखाद्या हल्ल्यात ३०पेक्षा जास्त नागरिक मरतील असा अंदाज निघाला, तर संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांची मंजुरी लागे. अशी पन्नासहून अधिक प्रकरणं त्यांच्याकडे गेली आणि सगळी मंजूर झाली, असं त्या मोहिमेच्या हवाई कमांडरनेच युद्धानंतर सांगितलं. हात बांधलेले होते की हातात पावती दिली होती? माझ्या मते दोन्ही. हिशेब मांडावा लागला म्हणून किती हल्ले खालच्या पातळीवरच बदलले गेले, वेळ किंवा बॉम्ब बदलून हानी कमी केली गेली, हे त्या पन्नासच्या आकड्यात दिसत नाही. आणि वर गेलेलं एकही प्रकरण अडलं नाही, हेही तितकंच खरं.

कायद्याहून कडक नियम लावता येतात, आणि लावतातही. उत्तर आयर्लंडमध्ये ब्रिटिश सैनिकाच्या खिशात पिवळं कार्ड असे: गोळी कधी झाडायची, आधी ताकीद कशी द्यायची, हे त्यावर छापलेलं. कार्ड खिशात असतानाच ३० जानेवारी १९७२ला डेरी शहरात पॅराशूट रेजिमेंटने नि:शस्त्र मोर्चेकऱ्यांवर गोळ्या झाडल्या. तेरा जण त्या दिवशी गेले. त्या गोळ्या असमर्थनीय होत्या, हे सरकारने संसदेत कबूल करायला २०१० उजाडलं.

"अचूक बॉम्ब चुकत नाही"

१९९१च्या आखाती युद्धात टाकलेल्या बॉम्बपैकी नेम धरून जाणारे दहा टक्क्यांच्याही आत होते. टीव्हीवर मात्र तेच दिसले, त्यामुळे सगळं युद्ध तसंच झालं असं जगाने मानलं. २००३मध्ये हे प्रमाण दोन तृतीयांशांवर गेलं. तरीही नागरिक मरत राहिले, आणि त्याचं कारण नेम चुकणं हे क्वचितच होतं.

१३ फेब्रुवारी १९९१. बगदादचा अमिरिया भाग. अमेरिकेला ती इमारत इराकी लष्कराचं नियंत्रण केंद्र वाटली. लेझरच्या मार्गदर्शनाने जाणारे दोन बॉम्ब तिच्या जाड काँक्रीटच्या छतातून बरोबर आत गेले. आत रात्रीच्या आसऱ्याला आलेली कुटुंबं होती. चारशेहून अधिक माणसं मेली. नेम अचूक होता, माहिती खोटी होती.

७ मे १९९९. बेलग्रेडमध्ये नाटोच्या मोहिमेत अमेरिकी बी-२ विमानाने युगोस्लाव्ह लष्कराच्या खरेदी विभागाची इमारत म्हणून जे ठिकाण उडवलं, तो चीनचा दूतावास निघाला. तीन चिनी पत्रकार ठार झाले. अमेरिकेचं स्पष्टीकरण असं की वापरलेल्या नकाशांवर दूतावास त्याच्या जुन्याच जागी होता. चीनने ते कधीच मान्य केलं नाही. जगातलं सर्वांत महागडं बॉम्बर विमान आणि हाती शिळा नकाशा, हे पटणं कुणालाही जड जाईल.

३ ऑक्टोबर २०१५, कुंदूझ, अफगाणिस्तान. डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्सच्या रुग्णालयाचं ठिकाण हल्ला न करण्याच्या यादीत होतं. अमेरिकी विमान घाईत उडालं तेव्हा ती यादी विमानात घेतलेलीच नव्हती, मग वाटेत यंत्रणा बिघडली, आणि चालक दल दुसरीच इमारत समजून रुग्णालयावर मारा करत राहिलं. ४२ जण मेले. सोळा जणांवर खात्यांतर्गत कारवाई झाली, फौजदारी खटला एकावरही नाही.

आणि २९ ऑगस्ट २०२१, काबूल. एका पांढऱ्या टोयोटा गाडीचा अमेरिकी ड्रोनने आठ तास माग काढला. गाडीत चढवलेले पाण्याचे डबे वरून स्फोटकांसारखे दिसले. एका क्षेपणास्त्राने दहा जण मारले, त्यांत सात मुलं. सेनाप्रमुखांच्या समितीचे तेव्हाचे अध्यक्ष मार्क मिली यांनी आधी हल्ल्याचं समर्थन केलं, आणि अडीच आठवड्यांनी अमेरिकेने ती भीषण चूक असल्याचं मान्य केलं. आठ तास! घाई नव्हती, कॅमेरा उत्तम होता. पाहणाऱ्याला काय दिसणार हे त्याने आधीच ठरवलं होतं. माझ्या मते या विषयातला सगळ्यांत दुर्लक्षित मुद्दा हाच आहे. संयमाची यंत्रणा ट्रिगरवर खर्च होते, आणि चूक बऱ्याचदा त्याच्या कितीतरी आधी, माहिती लावणाऱ्याच्या डोक्यात झालेली असते. २०२२मध्ये पेंटागॉनने नागरी हानी कमी करण्याचा जो आराखडा काढला, त्यात या पूर्वग्रहाची दखल होती. पण २०२५च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या तेव्हा नव्या आलेल्या संरक्षणमंत्र्यांनी सैन्याचे वरिष्ठ कायदा अधिकारीच बदलायला घेतले.

"सैनिकाने हुकूम पाळायचा, विचार करायचा नाही"

१६ मार्च १९६८ला व्हिएतनाममधल्या माय लाई गावात अमेरिकी सैनिक गावकऱ्यांना मारत सुटले होते. मृतांची संख्या अमेरिकी लष्कराच्या हिशेबाने ३४७, व्हिएतनामच्या हिशेबाने ५०४. ह्यू थॉम्पसन नावाच्या पायलटने आपलं हेलिकॉप्टर सैनिक आणि पळणाऱ्या गावकऱ्यांच्या मध्ये उतरवलं, आणि आपल्या साथीदारांना सांगितलं की आपले सैनिक गावकऱ्यांवर गोळ्या झाडू लागले तर त्यांच्यावर झाडा. त्याला त्या धाडसाचं पदक मिळालं १९९८ साली. लेफ्टनंट विल्यम कॅली हा एकटाच दोषी ठरला. जन्मठेप झाली, प्रत्यक्षात सुमारे साडेतीन वर्षं, तीही बरीचशी घरातच नजरकैदेत.

चौकशीत निघालं की त्या तुकडीचं युद्धाच्या कायद्याचं शिक्षण नावापुरतं होतं. १९७४मध्ये पेंटागॉनने ते सगळ्या सैन्याला सक्तीचं केलं. जर्मनी आणखी आधी शहाणा झाला होता, अर्थात फार महाग शिकवणीनंतर. १९५६च्या तिथल्या सैनिक कायद्याचं ११वं कलम सांगतं: मानवी प्रतिष्ठेला बाधा आणणारा हुकूम पाळला नाही तर ती अवज्ञा नव्हे, आणि ज्यातून गुन्हा घडेल तो हुकूम पाळायचाच नाही.

याच जर्मनीच्या कर्नलने, गेऑर्ग क्लाईनने, ४ सप्टेंबर २००९ला कुंदूझजवळ नदीत रुतलेल्या, तालिबानने पळवलेल्या दोन टँकरवर बॉम्ब टाकायला लावले. अमेरिकी पायलटांनी आधी खाली येऊन घिरट्या घालून जमाव पांगवू का, असं विचारलं होतं. त्याने नको म्हटलं. शंभराच्या आसपास माणसं मेली, त्यांत इंधन भरून न्यायला आलेले गावकरी होते. तेव्हाचा संरक्षणमंत्री मंत्रिमंडळातून गेला, कर्नलवरची चौकशी बंद झाली आणि पुढे त्याला बढती मिळाली.

"सराव म्हणजे नेमबाजी"

कॅलिफोर्नियातल्या मोहावे वाळवंटात फोर्ट अर्विन आहे. १९८०च्या दशकात तिथे अमेरिकी सैनिकच सोव्हिएत रेजिमेंटची नक्कल करत आणि पाहुण्या तुकड्यांना हरवून घरी पाठवत. बंदुकांना लेझर लावलेलं, त्यामुळे कोण 'मेला' यावर वाद नाही. इराक युद्ध सुरू झाल्यावर तिथे खोटी गावं उभी राहिली आणि अरबी बोलणारे इराकी-अमेरिकी पगारावर गावकरी झाले. नाक्यावर न थांबणारी गाडी, मुलगा गमावलेला बाप, खरं-खोटं सांगणारा दुभाषी. गोळी न झाडता वेळ निभावणं हा तिथला धडा.

सराव प्रामाणिकच असतो असंही नाही. २००२च्या 'मिलेनियम चॅलेंज' या २५ कोटी डॉलरच्या सरावात शत्रूच्या भूमिकेतल्या निवृत्त जनरल पॉल व्हॅन रायपर यांनी मोटारसायकलवरून निरोप धाडून अमेरिकेची सोळा जहाजं संगणकावर बुडवली. आयोजकांनी ती पुन्हा तरंगवली आणि खेळ पुढे चालू केला.

"पाश्चात्त्य म्हणजे सगळे एकाच माळेचे मणी"

जर्मनीत घटनात्मक न्यायालयाच्या १९९४च्या निकालानंतर सैन्य लढाईवर पाठवायला संसदेची मंजुरी लागते. अमेरिकेने १९७७च्या त्या पुरवणी करारावर सही केली पण तो मंजूर केला नाही (भारतही त्यात सामील नाही). भूसुरुंगांवर बंदी घालणारा १९९७चा ओटावा करार ब्रिटन, फ्रान्स, जर्मनीने स्वीकारला, अमेरिकेने नाही.

स्वीकारलेले नियम कायमचे राहतात असंही कुणी समजू नये. २०२५मध्ये लिथुआनिया, लाटविया, एस्टोनिया, फिनलंड आणि पोलंड यांनी ओटावा करारातून बाहेर पडण्याची नोटीस दिली. रशियाची किंवा त्याच्या मित्राची सीमा दारात असताना सुरुंग हवेत, हे त्यांचं म्हणणं. नोटीस दिल्यावर सहा महिने थांबावं लागतं. आणि करार लिहिणाऱ्यांनी एक अट घालून ठेवली आहे: त्या सहा महिन्यांच्या शेवटी देश युद्धात असेल, तर युद्ध संपेपर्यंत त्याला बाहेर पडता येत नाही. या पाचही देशांनी नोटीस दिली ती शांततेच्या काळात.