विषम तारखांचं बेट

किनमेन बेटाच्या बाजारात स्वयंपाकाच्या सुऱ्या विकायला असतात. त्यांचं पोलाद चीनमधून तोफेच्या तोंडून आलेलं आहे. २३ ऑगस्ट १९५८ च्या संध्याकाळी समोरच्या किनाऱ्यावरून मारा सुरू झाला आणि ४४ दिवसांत या चिमुकल्या बेटावर सुमारे ४ लाख ७० हजार गोळे पडले. माणसं भुयारांत राहिली. पुढे तेच गोळे कापून, तापवून लोहारांनी सुऱ्या घडवल्या.

किनमेनवर सत्ता तैवानची. पण तैवान आहे सामुद्रधुनीपलीकडे आणि चीनचं शियामेन शहर डोळ्यांसमोर. हे असं कसं झालं? १८९५ मध्ये चीनने तैवान जपानला दिलं. १९४५ मध्ये जपान हरला आणि तैवानचा ताबा चीनच्या चियांग काई-शेक यांच्या सरकारकडे आला. यादवीत माओंच्या कम्युनिस्टांकडून हरल्यावर १९४९ मध्ये तेच सरकार तैवानला येऊन बसलं. किनमेन त्याने सोडलं नाही.

अमेरिकेला हे बेट म्हणजे नसती जोखीम वाटे. १९५८ मध्ये तिचे सेनानी अण्वस्त्रांचाही विचार करत होते. तरी चियांग हटेनात, कारण त्यांना अजून अख्खा चीन परत हवा होता. माओंनीही मग किनमेन घ्यायचा हट्ट सोडला. किनमेन चियांग यांच्या हातून गेलं तर तैवान चीनपासून कायमचं तुटेल, हे त्यांनी ओळखलं. चीन एकच, एवढ्या बाबतीत दोन्ही वैऱ्यांचं एकमत होतं. ऑक्टोबरअखेर बीजिंगने जाहीर केलं, की सम तारखांना तोफा थांबतील. विषम तारखांचा मारा मात्र वीस वर्षं चालला. पुढे पुढे गोळ्यांतून प्रचारपत्रकं येऊ लागली. तीही डोक्यावर पडली तर जीव घेतच. १ जानेवारी १९७९ रोजी अमेरिकेने बीजिंगला मान्यता दिली आणि त्याच दिवशी तोफा थांबल्या.

त्याच वर्षी अमेरिकेने कायदा करून तैवानला संरक्षणापुरती शस्त्रं देण्याची हमी घेतली. युद्ध झालं तर स्वतः उतरणार का, हे मात्र मोघम ठेवलं. चीन तैवानला आपला प्रांत मानतो आणि बळाचा वापर नाकारत नाही. या दोन भूमिकांच्या बेचक्यात आज २ कोटी ३० लाखांहून अधिक माणसं राहतात.

त्या माणसांनी दरम्यान काय केलं, हे महासत्तांच्या हिशेबात क्वचितच येतं. १९४७ मध्ये चियांग यांच्या सरकारने तैवानमध्ये हजारोंची कत्तल केली. त्यानंतर ३८ वर्षांचा लष्करी कायदा आला. तो १९८७ मध्ये उठला, किनमेनवर तर १९९२ मध्ये. १९९६ मध्ये जनतेने प्रथमच थेट मतदानाने राष्ट्राध्यक्ष निवडला, तेव्हा चीन तैवानजवळच्या समुद्रात क्षेपणास्त्रं डागत होता आणि अमेरिकेने विमानवाहू नौकांचे दोन ताफे पाठवले होते. लोक तरीही रांगेत उभे राहिले. लष्करी कायदा उठला त्याच १९८७ मध्ये मॉरिस चँग यांनी टीएसएमसी ही चिप बनवणारी कंपनी काढली. आज जगातल्या सर्वांत प्रगत चिप्सपैकी बहुतेक तैवानमध्ये बनतात. २०२४ मध्ये तैवानने मुंबईत कार्यालय उघडलं, तेव्हा चीनने भारताकडे निषेध नोंदवला. एका कार्यालयाच्या पाटीवरूनही वाद व्हावा, इतकी ही जखम ओली आहे.

किनमेनला आता पिण्याचं पाणी चीनमधून नळाने येतं, २०१८ पासून. २००१ पासून शियामेनला बोटी जातात. पण फेब्रुवारी २०२४ मध्ये तैवानच्या तटरक्षकांच्या पाठलागात दोन चिनी मच्छीमार बुडाले आणि चिनी गस्तीनौका वाढल्या. पाणीही तिकडूनच, धाकही तिकडूनच.

पाहणी घेतली की तैवानमधले बहुसंख्य लोक ‘आहे तसंच राहू द्या’ म्हणतात. बाहेरच्यांना तो डळमळीतपणा वाटतो. मला तो वाटत नाही. सम तारखेला शेतं नांगरून, मुलांना शाळेत धाडून, विषम तारखेला भुयारात उतरणाऱ्यांच्या देशात त्या उत्तरामागे सत्तर वर्षांचं शहाणपण आहे. तैवानचं काय करायचं, यावर बीजिंग आणि वॉशिंग्टन बोलतच राहतील. पण शेवटचा शब्द त्या मतदानाच्या रांगेचाच असायला हवा.