पन्नास हर्ट्झची गुणगुण आणि पितळेची नळी

सोलापूरच्या पूर्व भागात एक वृद्ध विणकर राहत होते. त्यांची उमेदीची सगळी वर्षं हातमागावर गेली होती. घरात तेलुगू, बाहेर मराठी आणि गिऱ्हाइकाशी थोडं कानडी, असं त्यांचं बोलणं होतं. धोटा कसा फेकायचा, ताण्याचा धागा तुटला की गाठ कशी मारायची, हे ते बोटांच्या हालचाली करत सांगत. एका शाळेतल्या नववीच्या मुलांनी त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायच्या ठरवल्या. त्यांच्या शिक्षकांनी मला विचारलं, "सर, मायक्रोफोन आपणच बनवला तर?"

मला कल्पना आवडली. जुन्या स्टुडिओतल्या मायक्रोफोनसारखा मोठ्या पडद्याचा मायक्रोफोन हाताने बनवता येतो. आतला भाग, म्हणजे कॅप्सूल, आणि सर्किटचे सुटे भाग विकत मिळतात. आम्ही ते जोडले, प्लॅस्टिकच्या पाइपच्या तुकड्यात बसवले आणि आजोबांसमोर ठेवले. ते तासभर मनापासून बोलले.

घरी येऊन ऐकलं, तर सगळ्या बोलण्याखाली एक जाड गुणगुण होती. मुलं म्हणाली, "शेजारचे माग चालू असतील." पण त्या दिवशी वीज असूनही माग बंद होते, हे आम्हां सगळ्यांना आठवत होतं. मग ही गुणगुण आली कुठून?

पडदा आणि पाटी

आमचा मायक्रोफोन कंडेन्सर जातीचा. ही जात ई. सी. वेंट या अमेरिकन संशोधकाने १९१६ साली शोधली. बर्लिनच्या गेऑर्ग नॉयमन यांनी १९२८ मध्ये असे मायक्रोफोन कारखान्यात बनवायला सुरुवात केली. त्यांचा पहिला मायक्रोफोन दिसायला बाटलीसारखा होता, म्हणून लोक त्याला 'बाटली'च म्हणत. त्यांचा १९४९ सालचा यू-४७ तर आजही स्टुडिओवाल्यांच्या स्वप्नात येतो. जुना, चालू स्थितीतला घ्यायचा तर लाखो रुपये मोजावे लागतात. म्हणूनच जगभरचे हौशी लोक तसा मायक्रोफोन घरी बनवू पाहतात.

त्याची रचना सोपी आहे. प्लॅस्टिकचा अतिशय पातळ पडदा, त्यावर सोन्याचा मुलामा आणि त्यामागे केसाच्या जाडीपेक्षाही कमी अंतरावर धातूची पाटी. पडदा आणि पाटी मिळून एक धारित्र, म्हणजे कपॅसिटर, तयार होतो. त्याला विद्युतभार दिलेला असतो. आवाजाने पडदा हलला की अंतर बदलतं, त्यामुळे धारिता बदलते आणि तिच्याबरोबर व्होल्टेज बदलतं. हे बदलणारं व्होल्टेज म्हणजेच आवाजाची विद्युत प्रतिकृती.

अडचण अशी, की हे धारित्र फार लहान असतं. आमच्या कॅप्सूलची धारिता सुमारे ६० पिकोफॅरड. ५० हर्ट्झला अशा धारित्राचा विरोध सुमारे ५३ मेगओहम, म्हणजे ५ कोटी ३० लाख ओहम भरतो. इतक्या मोठ्या विरोधाच्या ठिकाणी बाहेरून अगदी थोडा भार आला, तरी तो दिसण्याइतकं व्होल्टेज निर्माण करतो.

भिंतीतली तार आणि अदृश्य धारित्र

आता भिंतीतल्या तारेकडे पाहू. तिच्यावर २३० व्होल्ट आहेत आणि ते सेकंदाला ५० आवर्तनं करतात. दिवा बंद असला, माग बंद असला, तरी तारेवर व्होल्टेज असतंच. विद्युतक्षेत्रासाठी प्रवाह वाहावा लागत नाही, व्होल्टेज पुरतं. मुलांच्या कोड्याचं उत्तर इथे मिळालं.

ती तार आणि आमचं कॅप्सूल यांच्यामध्ये हवा आहे. दोन वाहक आणि मध्ये विसंवाहक, म्हणजे हेही एक धारित्र झालं! ते किती लहान असेल? समजा, एक पिकोफॅरडचा हजारावा भाग. २३० व्होल्ट आता दोन धारित्रांत वाटले जातील. कॅप्सूलच्या वाट्याला येतील:

२३० × ०.००१ ÷ ६० = सुमारे ०.००३८ व्होल्ट, म्हणजे जवळजवळ ४ मिलिव्होल्ट.

एक मीटरवरून माणूस साध्या आवाजात बोलला, तर अशा मायक्रोफोनमधून सुमारे ०.२ मिलिव्होल्ट मिळतात. म्हणजे एवढ्याशा धारित्रामुळेसुद्धा गुणगुण बोलण्याच्या वीसपट होऊ शकते. आजोबा मायक्रोफोनच्या बरेच जवळ बसले होते, म्हणून निदान शब्द तरी कळत होते.

"नंतर संगणकावर गाळून टाकू," असं एका मुलाने सुचवलं. करून पाहिलं. पण गुणगुण फक्त ५० हर्ट्झची नसते. तिच्याबरोबर १००, १५०, २०० अशा पटीतल्या कंप्रता येतात. पुरुषाच्या आवाजाची मूळ कंप्रता साधारण १०० ते १५० हर्ट्झच्या आसपास असते. गुणगुण काढायला गेलो, की आजोबांच्या आवाजातला घनपणाही जायचा. गव्हातून खडे निवडता येतात, पण खडा गव्हाएवढा आणि गव्हाच्याच रंगाचा असेल तर काय करणार?

उपाय एकच, गुणगुण आत येऊच द्यायची नाही. फॅरडेने १८३६ साली दाखवलं होतं, की धातूच्या बंद पिंजऱ्याच्या आत बाहेरचं विद्युतक्षेत्र पोहोचत नाही. तेव्हा मायक्रोफोनला धातूचं घर हवं. आवाजाला मात्र आत येऊ द्यायचं, म्हणून डोक्याकडे जाळी.

पहिलं घर: देखणं आणि निरुपयोगी

सोलापुरात लेथची उणीव नाही. यंत्रमागाचे शाफ्ट, बुश, गिअर बनवणारी आणि दुरुस्त करणारी लहान वर्कशॉप गल्लोगल्ली आहेत. पहिल्यांदा मी ॲल्युमिनियमची नळी घेतली. हलकी, स्वस्त आणि कापायला मऊ. लेथवर आटे पाडून घेतले, खाली नळी आणि वर जाळीची टोपी. मग चांगलं दिसावं म्हणून दोन्ही भागांना काळं अ‍ॅनोडायझिंग करून आणलं. मायक्रोफोन अगदी परदेशी दिसू लागला.

चालू केला. गुणगुण कमी झाली होती, पण गेली नव्हती. टोपीला बोट लावलं की तिचा आवाज बदलायचा. हा मोठा सुगावा होता. टोपी जर मायक्रोफोनच्या भूतारेला नीट जोडलेली असती, तर माझ्या बोटाने काहीच फरक पडायला नको होता. मल्टिमीटर लावला. नळी आणि टोपी यांच्यात जोडणीच नव्हती!

कारण पाठ्यपुस्तकातलं होतं आणि मी ते विसरलो होतो. ॲल्युमिनियमवर हवेतच ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर तयार होतो. अ‍ॅनोडायझिंगमध्ये तोच थर विजेच्या साहाय्याने हजारो पटींनी जाड करतात. ॲल्युमिनियम ऑक्साइड उत्तम विसंवाहक आहे. आट्यांवरही तो थर बसला होता. टोपी स्क्रूने घट्ट बसली होती, पण विजेच्या दृष्टीने अधांतरी होती. अधांतरी धातू पिंजऱ्याचं काम करत नाही. तो बाहेरून प्रभाव घेतो आणि आतल्या कॅप्सूलला देतो. आटे पॉलिश पेपरने घासून उघडे केले आणि गुणगुण एकदम खाली आली.

दुसरं घर: पितळ

तरी जाळीचा प्रश्न होताच. ॲल्युमिनियमला साधा डाख धरत नाही, कारण पुन्हा तोच ऑक्साइडचा थर. पितळेला डाख छान धरतो आणि जाळी कड्याला सगळीकडून जोडता येते. म्हणून दुसरं घर पितळेचं करायचं ठरलं. दोन इंची नळी आणि सोळा गेजचा पत्रा, म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटर जाडी.

लेथवरचे अण्णा म्हणाले, "सर, कागद राहू द्या की ओ. नमुना आणा, नाहीतर तोंडी सांगा." मी फोनवर सांगितलं, "जाळीखालची रिंग पाचची करा." रिंग आली ती जवळजवळ १६ मिलिमीटर उंच! मी पाच मिलिमीटर म्हणत होतो आणि अण्णांनी पाच सूत ऐकलं. कारागिरांचं एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिलिमीटर. पाच सूत म्हणजे १५.९ मिलिमीटर. अण्णांची काहीच चूक नव्हती. एकक न सांगता आकडा सांगणारा मीच. वर्गात मुलांचे याच चुकीसाठी गुण कापतो.

पितळ महाग, म्हणून तीच रिंग लावून पाहिली. त्यातून नवा धडा मिळाला. उंच रिंगेमुळे कॅप्सूलचा खालचा अर्धा भाग धातूच्या भिंतीआड गेला आणि आवाज डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा येऊ लागला.

घराचाही आवाज असतो

स्टीलचा रिकामा पेला कानाशी धरा. 'समुद्राचा आवाज' येतो. तो समुद्राचा नसतो. आजूबाजूच्या आवाजातल्या ठरावीक कंप्रता पेल्यातली हवा मोठ्या करते. दहा सेंटीमीटर खोल पेला सुमारे ८५० हर्ट्झला घुमतो. मायक्रोफोनचं डोकंही असाच एक पेला आहे. समोरासमोरच्या दोन समांतर भिंतींत ५ सेंटीमीटर अंतर असेल, तर १० सेंटीमीटर तरंगलांबीचा, म्हणजे ३४०० हर्ट्झचा ध्वनी त्यांच्यात अडकून राहतो. आपला कान नेमका याच पट्ट्यात फार तीक्ष्ण असतो. जुन्या मायक्रोफोनचं डोकं अनेकदा वर निमुळतं आणि जाळीचं केलेलं असतं, ते केवळ शोभेसाठी नाही. निमुळत्या डोक्यात भिंती समांतर राहत नाहीत आणि जाळीतून ध्वनी बाहेर निसटतो.

जाळी किती मोकळी हवी? जाळी हेही विणकामच आहे, उभ्या आणि आडव्या तारांचं. तार अर्ध्या मिलिमीटरची आणि दोन तारांतलं अंतर दीड मिलिमीटर असेल, तर मोकळी जागा (१.५ ÷ २) चा वर्ग, म्हणजे ५६ टक्के. हे गणित आमच्या मुलांनी टॉवेलच्या विणीवरून स्वतःच मांडलं. ध्वनीला ही जागा पुरते. आणि विद्युतक्षेत्र? ते अशा भोकातून भोकाच्या रुंदीच्या फार पुढे शिरू शकत नाही. कॅप्सूल जाळीपासून सेंटीमीटरभर आत असलं की झालं.

सपाट जाळीला घुमटाचा आकार देताना ती ताठ होऊन तुटू लागली. तेव्हा अण्णांनी ती आचेवर मंद लाल केली, गार होऊ दिली आणि लाकडी साच्यावर लाकडी हातोडीने बसवली. ठोकल्याने पितळ कडक होतं आणि तापवल्याने पुन्हा मऊ होतं. ठोकताना धातूच्या स्फटिकांत विस्कटलेली रचना उष्णतेने पुन्हा जुळते. भांडी घडवणारे कारागीर हे पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत.

एक मर्यादाही सांगायला हवी. पितळ विद्युतक्षेत्र अडवतं, पण ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र अशा पातळ भिंतीतून सरळ आत येतं. मायक्रोफोनमध्ये छोटा ट्रान्सफॉर्मर असेल, तर त्यात ते गुणगुण निर्माण करतं. त्यावर उपाय म्हणजे लोखंडी मिश्रधातूचं कवच, नाहीतर मोटारीपासून चार पावलं दूर बसणं.

वर्गात करून पाहा

१. घरची काळी हार्ड अ‍ॅनोडाइज्ड कढई आणि ॲल्युमिनियमचं साधं पातेलं आणा. मल्टिमीटरच्या दोन्ही टोकांनी दोन्हींच्या पृष्ठभागाला हलकेच स्पर्श करा. रोध किती दिसतो? दोन्ही भांडी एकाच धातूची असून फरक का?

२. छोटा एफ.एम. रेडिओ चालू करून आधी प्लॅस्टिकच्या आणि मग स्टीलच्या डब्यात ठेवा. झाकण घट्ट लावा, मग किंचित कलतं ठेवा. प्रत्येक वेळी काय ऐकू येतं ते नोंदवा.

३. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारं छोटं इलेक्ट्रेट मायक्रोफोन कॅप्सूल आणा. त्याची धातूची डबी मागच्या दोन टोकांपैकी एकाला जोडलेली असते. ते टोक कोणतं आणि ती जोडणी कशासाठी, हे मुलांना शोधू द्या.

४. जमल्यास मुलांना एखाद्या लेथवर घेऊन जा. जाण्यापूर्वी प्रत्येकाला एका साध्या वस्तूचं चित्र मापांसह काढायला सांगा. ते चित्र पाहून कारागीर काय प्रश्न विचारतो, ते लिहून आणायला सांगा.

पितळेचा मायक्रोफोन आता नीट चालतो. मुलांनी त्यावर पूर्व भागातल्या आणखी काही विणकरांचं बोलणं मुद्रित केलं. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिकही त्यात ऐकू येते. पहिले आजोबा मात्र तो तयार होण्यापूर्वीच वारले. त्यांचं ध्वनिमुद्रण गुणगुणीसह जसंच्या तसं शाळेत जपून ठेवलं आहे. नवी मुलं आली, की शिक्षक आधी ते ऐकवतात आणि मग पितळेच्या नळीचे आटे उघडून दाखवतात.