ईस्टरनंतर येशू कुठे भेटतो?

ईस्टरचा रविवार उलटला, की चर्चमधील फुलांची आरास उतरते, घरातील गोडधोड संपते आणि किशोरवयीन मुले पुन्हा आपापल्या क्लासकडे, मोबाइलकडे व मित्रमंडळींकडे वळतात. वास्तविक ख्रिस्ती उपासनेच्या वर्षात ईस्टर हा एका दिवसाचा सण नाही. तो पन्नास दिवसांचा काळ आहे. चाळिसाव्या दिवशी प्रभू येशूचे स्वर्गारोहण आणि पन्नासाव्या दिवशी पवित्र आत्म्याचे आगमन, म्हणजे पेंटेकॉस्ट, यांचे स्मरण केले जाते. कॅथलिक चर्चमध्ये ईस्टरच्या आदल्या रात्री प्रज्वलित केलेली पास्काची मोठी मेणबत्ती या संपूर्ण काळात उपासनेच्या वेळी तेवत असते. महाराष्ट्रातील मुलांसाठी मात्र हेच दिवस परीक्षा संपल्याचे, निकालाची वाट पाहण्याचे आणि पुढील प्रवेशाच्या चिंतेचे असतात.

अशा वेळी मुलांच्या मनात एक प्रश्न असतो. येशू जिवंत आहे असे मोठी माणसे सांगतात, मग तो मला का जाणवत नाही? पंधरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी हा प्रश्न उघडपणे विचारतेच असे नाही. घरात तो विचारण्याची सोय नसेल, तर तो मनातच मुरतो. दृढीकरणाचा संस्कार होतो, प्रमाणपत्र मिळते आणि त्यानंतर काही वर्षांत चर्चची पायरी हळूहळू सुटत जाते. म्हणूनच या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर देणे अगत्याचे आहे.

ओळख मागाहून पटते

शुभवर्तमानांतील पुनरुत्थानानंतरचे प्रसंग लक्षपूर्वक वाचले, तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. ज्यांनी येशूबरोबर वर्षे काढली, त्यांनाही तो प्रथमदर्शनी ओळखू आला नाही. कबरीजवळ रडणाऱ्या मग्दालीया मरीयेला तो बागेचा माळी वाटला. त्याने तिला नावाने हाक मारली, तेव्हा तिला ओळख पटली. गालीलच्या सरोवरात रात्रभर जाळी टाकून रिकाम्या हाती परतणाऱ्या शिष्यांना किनाऱ्यावर कुणी अनोळखी माणूस उभा आहे असे वाटले. जाळे माशांनी भरल्यावर त्यांच्या ध्यानात आले. तोवर त्याने निखाऱ्यांवर मासळी भाजून त्यांच्या न्याहारीची तयारीही केली होती.

या सर्व प्रसंगांत विजा चमकत नाहीत की आकाशवाणी होत नाही. नावाने मारलेली हाक, वाटेवरचे बोलणे, मोडलेली भाकर, भाजलेली मासळी अशा नित्याच्या गोष्टींतून ओळख पटते. आपल्या मुलांना हेच प्रथम सांगावयास हवे. येशूचे सान्निध्य म्हणजे अंगावर येणारा रोमांच, असा समज करून घेतल्यामुळे पुष्कळ मुले निराश होतात. शिबिरात गाणी म्हणताना डोळे भरून आले आणि घरी परतल्यावर मन कोरडे झाले, की आपली श्रद्धाच खोटी होती असे त्यांना वाटू लागते. भावना येते नि जाते; सान्निध्य तिच्यावर अवलंबून नसते.

अम्माऊसच्या वाटेवर

मुलांना या ओळखीपर्यंत कसे न्यावे, याचा उत्तम पाठ लूकच्या शुभवर्तमानाच्या चोविसाव्या अध्यायात आहे. दोन शिष्य खिन्न मनाने यरुशलेमहून अम्माऊस या गावाकडे निघाले आहेत. अंतर सुमारे अकरा किलोमीटरचे. वाटेत एक प्रवासी त्यांच्यासोबत चालू लागतो. तो प्रथम उपदेश करीत नाही. तुम्ही कशाविषयी बोलत आहात, असे तो विचारतो आणि त्यांची निराशा शेवटपर्यंत ऐकून घेतो. त्यानंतरच तो शास्त्राचा अर्थ उलगडून सांगतो. गाव आल्यावर तो पुढे जाण्याचा रोख दाखवितो. त्यांनी आग्रह केल्यावरच आत येतो. भाकर मोडताना त्यांचे डोळे उघडतात आणि त्याच क्षणी तो दिसेनासा होतो. वाटेत तो बोलत असताना आपले अंतःकरण आतून पेटले होते, हे त्यांना नंतर उमगते.

पालकांनी व धर्मशिक्षकांनी हा क्रम ध्यानात ठेवावा. आधी सोबत चालणे, मग प्रश्न, मग ऐकणे आणि त्यानंतर बोलणे. आपल्या घरांत बहुधा याच्या उलट घडते. मुलाने चर्चला येण्याचा कंटाळा दाखविला, की उपदेश सुरू होतो. त्याचे म्हणणे ऐकण्याची पाळी येतच नाही. शिवाय अम्माऊसचा तो पाहुणा बळेच घरात शिरला नाही, हेही विसरून चालणार नाही. कॅथलिक चर्चने २०१८ मध्ये रोम येथे युवकांविषयी भरविलेल्या धर्मसभेच्या अंतिम दस्तऐवजाची मांडणी याच कथेच्या आधारे करण्यात आली होती, ती उगाच नव्हे.

झोपण्यापूर्वीची पाच मिनिटे

ओळख मागाहून पटत असेल, तर मागे वळून पाहण्याची सवय हवी. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकात अशी एक साधना घालून दिली. जुन्या गोव्यात ज्यांचे अवशेष जतन केलेले आहेत ते संत फ्रान्सिस झेवियर हे त्यांचे सहकारी. ही साधना किशोरवयीनांनाही सहज जमण्यासारखी आहे.

रात्री मोबाइल बाजूला ठेवून शांत बसावे. आजच्या दिवसातील एखाद्या गोष्टीबद्दल देवाचे आभार मानावे. दिवस नीट पाहता यावा म्हणून प्रकाश मागावा. सकाळपासूनचे प्रसंग एकामागून एक आठवावेत: कुठे मन आनंदले, कुठे चिडचिड झाली, कुणी मदत केली, कुणाला आपण टाळले. जिथे चुकले तिथे क्षमा मागावी आणि उद्यासाठी बळ मागून झोपावे. आठ-दहा दिवस हे केले, की वर्गात एकट्या पडलेल्या मुलीशेजारी जाऊन बसताना किंवा आजीचे औषध आणून देताना आपण एकटे नव्हतो, असे मुलांना जाणवू लागते. भुकेल्याला व आजाऱ्याला जे दिले ते आपल्यालाच दिले, अशी येशूची शिकवण मत्तयाने नोंदविली आहे. तिचा अर्थ अशा अनुभवातून अधिक स्पष्ट होतो.

स्वयंपाकघरापासून संगणकापर्यंत

देवाची भेट केवळ वेदीपाशी होते असे नाही. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेल मठात बंधू लॉरेन्स नावाचे एक साधे मठवासी स्वयंपाकघरात राबत असत. भांड्यांच्या खणखणाटातही त्यांना देवाच्या सान्निध्याचा अनुभव येई. त्यांच्या निधनानंतर त्यांची पत्रे व संभाषणे संकलित झाली आणि ती आजही वाचली जातात.

आजच्या मुलांना अधिक जवळचे वाटेल असे उदाहरण कार्लो अकुतिस याचे आहे. १९९१ मध्ये जन्मलेला आणि इटलीतील मिलान येथे वाढलेला हा मुलगा २००६ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने वयाच्या अवघ्या पंधराव्या वर्षी वारला. त्याला संगणकाची आवड होती, तो व्हिडिओ गेम खेळत असे आणि मिस्सालाही नित्य जात असे. आपले संगणकाचे कौशल्य त्याने श्रद्धेचा परिचय करून देणारे संकेतस्थळ तयार करण्यासाठी वापरले. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी त्याला संतपद बहाल केले.

आपल्या मातीतही हा धागा आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण अभंग आणि कीर्तन यांची साथ सोडली नाही. मराठी चर्चमधील मुले त्यांची पदे आजही गातात. देवाशी सख्याने बोलण्याची संतपरंपरेतील रीत मराठी ख्रिस्ती मुलांना अशी वारशानेच लाभली आहे.

शंका आणि अपराधभाव

थोमाला संशयी म्हणून हिणविण्याची प्रथा पडली आहे. परंतु त्याने शंका बोलून दाखविल्यावरही इतर शिष्यांनी त्याला बाहेर काढले नाही. आठ दिवसांनी येशू आला, तेव्हा थोमा त्यांच्यातच होता. मुलांच्या शंकांना घरात आणि चर्चमध्ये जागा मिळाली, तर त्यांच्या उत्तराच्या वेळी तीही तिथेच असतील.

अपराधभावाचेही तसेच आहे. मुख्य याजकाच्या अंगणात निखाऱ्यांच्या शेकोटीजवळ पेत्राने येशूला तीनदा नाकारले होते. सरोवराच्या काठी पुन्हा निखारे होते आणि तीन वेळा एकच प्रश्न होता : माझ्यावर तुझी प्रीती आहे काय? जुना हिशेब न मांडता येशूने त्याच्यावर नवी जबाबदारी सोपविली. गुण कमी पडलेल्या, खोटे बोललेल्या किंवा वाईट संगतीतून परतलेल्या मुलाला हा प्रसंग जरूर सांगावा.

मात्र एक सावधगिरी हवी. मूल सतत उदास राहत असेल, झोप किंवा भूक हरपली असेल, जीव नकोसा झाल्याचे बोलत असेल, तर त्याची श्रद्धा कमी पडते असे म्हणून वेळ दवडू नये. तत्काळ समुपदेशकाची किंवा डॉक्टरांची मदत घ्यावी. प्रार्थना आणि उपचार यांत विरोध नाही.

एका टेबलाभोवती

या पन्नास दिवसांत प्रत्येक कुटुंबाला एक गोष्ट सहज करता येईल. आठवड्यातून किमान एकदा सर्वांनी मिळून जेवावे, दूरदर्शन संच आणि मोबाइल बंद ठेवावेत आणि आज देव कुठे भेटला असे वाटते, हे प्रत्येकाने सांगावे. आईवडिलांनी प्रथम सांगावे, तेही उपदेश न करता. सांगण्यासारखे काही नसेल, तर तसेही म्हणावे. मुलांना मोठ्यांच्या प्रामाणिकपणाची पारख असते.

अम्माऊसचे ते दोघे रात्र झालेली असतानाही उठले आणि तेवढेच अंतर तुडवीत यरुशलेमला परतले. त्यांना कुणी पाठविले नव्हते. ओळख पटल्यावर माणूस आपणहून निघतो. मुलांना ओढत चर्चकडे नेण्यापेक्षा, त्यांच्या वाटेवर काही पावले सोबत चालणे हेच आपल्या हाती आहे.