*ई-नाम: भाव मान्य केला की सौदा पक्का*

लिलावात सोयाबीनचा भाव तुम्ही मान्य केला अन् तासाभरात बाहेर दोनशे रुपये जास्त निघाले, तर माल परत नेता येईल का? नाही. माल विक्री कायदा १९३०, कलम ६४ प्रमाणे लिलाव पूर्ण झाल्याचं जाहीर झालं की विक्री झाली.

✅ नाही म्हणायचं ते आधी. सगळ्यात वरची बोली पटली नाही तर नाकारा, तो हक्क तुमचाच.
✅ मान्य करण्याआधी दोन-तीन बाजारांचे भाव बघा.
✅ सौदापत्रक, वजनपावती जपून ठेवा.

आज आपण शब्द फिरवला, तर उद्या भाव पडल्यावर व्यापाऱ्याला कोणत्या तोंडाने अडवणार?

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी, नवीन जालना