गिअरबॉक्स बदलला, तरी गाडी थरथरते?

अमेरिकेत जुनी गाडी वापरणाऱ्याला एक वाक्य ऐकण्याची कायम भीती असते. ते म्हणजे, ‘ट्रान्समिशन गेलं!’ शिकायला आलेली मुलं बहुतेक वेळा लाख-सव्वा लाख मैल पळालेली गाडी घेतात. ती गाडी म्हणजे त्यांचे पाय. बस नाही, रिक्षा नाही आणि किराणाचं दुकान चार मैलांवर. त्यामुळे ट्रान्समिशन गेलं की मुलं पोटाला चिमटा काढून जंकयार्डमधला जुना गिअरबॉक्स बसवून घेतात. गाडी हातात येते, गिअरही छान पडतात. आणि मग पहिल्याच सिग्नलला गाडी थरथरते, काटा खाली येतो आणि इंजिन बंद पडतं.

माझ्या भाच्याचं हेच झालं. तो इथे मिशिगनमध्येच शिकतो. गाडी परत आणल्यावर तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. ‘‘मामा, गाडी सिग्नलला दोनदा बंद पडली. गॅरेजवाला म्हणतो, गिअरबॉक्स ठीक आहे, आता इंजिनचं काम निघालंय. थ्रॉटल बॉडी बदलावी लागेल म्हणे. सहाशे डॉलर! विकून टाकू का?’’ तासाभराने सांगलीहून ताईचा फोन. ‘‘अरे, त्याला म्हणावं ती गाडी नकोच. हायवेवर बंद पडली तर?’’

ताईची काळजी खरी होती. चालत्या गाडीचं इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग जड होतं आणि थोड्या वेळाने ब्रेकही कडक होतो. म्हणून अशी गाडी दुरुस्त होईपर्यंत हायवेवर न्यायचीच नाही, हे मी त्याला आधी बजावलं. पण विकायची घाई कर, असंही म्हणालो नाही. कारण गिअरबॉक्स बदलल्यावर लगेच सुरू झालेला आयडलिंगचा त्रास बरेचदा नव्या गिअरबॉक्सचा नसतो आणि इंजिनच्या म्हातारपणाचाही नसतो. गिअरबॉक्स बाहेर काढताना जे जे सोडवावं लागतं, त्यातलं काहीतरी नीट परत बसलेलं नसतं.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्स बॅटरी आणि एअर फिल्टरच्या डब्याखाली दडलेला असतो. तो काढायचा तर बॅटरी, तिचा ट्रे, फिल्टरचा डबा, हवेचा जाड रबरी पाइप, बारीक व्हॅक्यूम पाइप, वायरिंगचे सॉकेट, अर्थची वायर आणि इंजिन माउंटिंग एवढं सगळं सोडवावं लागतं. यातली एखादी क्लिप सैल राहिली, तरी इंजिन तक्रार करतं. गाडी पळत असताना ती तक्रार झाकली जाते. आयडलवर हवा आणि पेट्रोल दोन्ही मोजकं असतं, म्हणून तिथे ती उघडी पडते.

आता तपासायचं कसं? आधी गाडी मोकळ्या जागेत काढा. थंडीत घराच्या गॅरेजमध्ये दार लावून इंजिन चालू ठेवणं जिवावर बेतू शकतं, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. इंजिन पूर्ण गरम होऊ द्या. एसी आणि काच गरम करणारा डिफ्रॉस्टर बंद ठेवा. आखातातल्या वाचकांना एसीशिवाय बसणं कठीण, पण पाच मिनिटं सोसा, कारण एसीचा भार असला की नेमका अंदाज येत नाही. बहुतेक गाड्यांत गरम इंजिनाचं आयडल साधारण ६०० ते ९०० आरपीएम असतं. मग नुसतं निरीक्षण करा.

त्रास ‘पी’ आणि ‘एन’मध्येही होत असेल, तर संशय हवा, स्पार्क किंवा अर्थिंगवर घ्या. गिअरबॉक्सचा तिथे फारसा संबंध नसतो.

आरपीएमचा काटा स्थिर आहे, पण सीट आणि स्टिअरिंग थरथरतंय? मग आयडल ठीक आहे. माउंटिंग तिरपं बसलंय किंवा फाटलंय.

‘पी’मध्ये सगळं ठीक, पण गाडी थांबता थांबता गचका देऊन बंद पडते, आणि थांबण्याआधी ‘एन’मध्ये टाकली तर पडत नाही? (हे रिकाम्या पार्किंगमध्येच करून पाहा.) मग टॉर्क कन्व्हर्टरचं लॉक सुटत नसण्याची शक्यता मोठी. क्लच न दाबता गाडी थांबवावी, तसा हा प्रकार. हे काम मात्र गिअरबॉक्सचंच, आणि ज्याने तो बसवला त्याच्याकडेच न्यायचं.

‘डी’मध्ये टाकल्यावर काटा थोडा खाली येणं स्वाभाविक आहे, पण लगेच सावरला पाहिजे. गाडी कुठल्या गिअरमध्ये आहे हे इंजिनच्या कॉम्प्युटरला गिअरबॉक्सवरचा एक स्विच सांगतो. तो नीट जुळवलेला नसेल किंवा दुसऱ्या मॉडेलचा असेल, तर कॉम्प्युटर भार सांभाळत नाही. ऑटोमॅटिक काढून मॅन्युअल बसवणाऱ्या हौशी मंडळींना हा घोळ हमखास भेटतो. क्लच आणि न्यूट्रलचे स्विच, वेगाचा सेन्सर यांच्या वायरी जोडल्या नाहीत, तर कॉम्प्युटरला गाडी उभी आहे की चालतेय हेच कळत नाही.

यानंतर कोड वाचा. अमेरिकेत १९९६ पासूनच्या मोटारींना डॅशबोर्डखाली ओबीडी-२ चं सॉकेट असतं. सुटे भाग विकणारी अनेक दुकानं कोड फुकट वाचून देतात. पी ०१७१ म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त, पी ०५०६ म्हणजे आयडल अपेक्षेपेक्षा कमी, पी ०५०७ म्हणजे जास्त. पी ०५०० वेगाच्या सेन्सरचा, तर पी ०७०५ गिअर सांगणाऱ्या स्विचचा. मात्र कोड आला म्हणजे तो भागच बदलायचा, असं नाही. कोड फक्त गल्ली दाखवतो, घर आपल्याला शोधावं लागतं.

भाच्याच्या गाडीत पी ०१७१ निघाला. त्याच्या मित्राकडे मोबाइलला जोडायचा छोटा स्कॅनर होता. मी फोनवरून सांगितलं, ‘‘फ्यूएल ट्रिमचा आकडा बघ.’’ कॉम्प्युटर ठरल्यापेक्षा किती टक्के जादा पेट्रोल देतोय, ते हा आकडा दाखवतो. आयडलवर तो अधिक बावीस होता, आणि इंजिन अडीच हजार आरपीएमवर धरल्यावर अधिक चारवर आला. ही चोरवाटेने हवा आत शिरण्याची खूण. आयडलवर मुळात हवा कमी लागते, म्हणून थोडी चोरटी हवाही भारी पडते. इंजिन जास्त हवा ओढू लागलं की तिचा वाटा नगण्य होतो.

मग इंजिन बंद करून त्याने हवेचा रबरी पाइप हाताने वाकवून पाहिला. घडीच्या खालच्या बाजूला बोटभर चीर! वरून काही दिसत नव्हतं. ‘डी’मध्ये टाकलं की इंजिन माउंटिंगवर थोडं कलतं, चीर उघडते आणि मोजणी चुकवून हवा आत शिरते. म्हणून ‘डी’मध्ये त्रास जास्त होता आणि संशय गिअरबॉक्सवर जात होता. नवा पाइप बेचाळीस डॉलरला आला. तो बसवताना बॅटरीजवळच्या अर्थच्या वायरचा नटही आवळला. थ्रॉटल बॉडी जुनीच राहिली.

चीर सापडली नाही, तर गॅरेजमध्ये स्मोक टेस्ट करून मागा. पाइपात धूर सोडतात आणि तो जिथून बाहेर येतो तिथे गळती. गरम इंजिनावर ज्वालाग्राही स्प्रे मारून गळती शोधण्याचा उद्योग मात्र करू नका, आग लागू शकते. आणखी एक गोष्ट म्हणजे, बॅटरी काढली की कॉम्प्युटर शिकलेलं आयडल विसरतो. काही गाड्या थोडं चालवल्यावर आपोआप सावरतात, काहींना मॅन्युअलमध्ये दिलेली पद्धत किंवा स्कॅनर लागतो. म्हणून सगळे सांधे तपासून झाल्यावर हे पुन्हा शिकवणं करा. गळती तशीच ठेवून शिकवलं, तर कॉम्प्युटर तीच सवय धरतो.

नव्याने आलेल्या मुलांना आणि भारतात बसून काळजी करणाऱ्या त्यांच्या आईबाबांना एवढंच सांगणं. काम देण्याआधी लेखी अंदाज घ्या आणि मजुरीची वॉरंटी किती दिवस, ते त्यावर लिहून घ्या. इथे मिशिगनमध्ये १९७४ पासून गाडीदुरुस्तीचा कायदा आहे. तुमच्या राज्यात काय नियम आहे, ते गॅरेजला जाण्याआधी बघा. बॉनेट उघडून दोन फोटो काढून ठेवा, म्हणजे आधी काय कुठे होतं ते दाखवता येतं. आणि दुरुस्तीनंतर नवं दुखणं निघालं, तर ‘‘हे वेगळं आहे’’ असं ऐकून मान डोलावू नका. ‘‘हे काम करताना काय काय सोडवलं होतं? ते सगळं एकदा माझ्यासमोर दाखवा,’’ असं शांतपणे विचारा. या प्रश्नाला पैसे पडत नाहीत, आणि बरेचदा गाडी विकायची वेळ येत नाही.