काळ्या मातीवर उभं राहिलेलं फ्रिस्को

डॅलसच्या उत्तरेला, टेक्ससच्या गवताळ माळावर फ्रिस्को नावाचं शहर आहे. 1990 मध्ये लोकवस्ती जेमतेम सहा हजार. 2020 च्या जनगणनेत दोन लाखांच्या वर! तीस वर्षांत असा विस्तार क्वचितच पाहायला मिळतो.

मूळ गोष्ट रेल्वेची. वाफेच्या इंजिनांना वाटेत पाणी लागायचं. जवळचं लेबनॉन हे जुनं गाव उंचावर होतं, म्हणून रेल्वेने सखल जागा निवडली. मग लेबनॉनमधल्या काही लोकांनी आपली घरंच ओढत नव्या गावात नेली! शहराचं नावही त्या रेल्वेवरूनच पडलं.

इथली जमीन मला सगळ्यात विलक्षण वाटते. विदर्भ-मराठवाड्यातल्या रेगूरसारखीच काळी, चिकण; एकेकाळी इथेही कापूसच पिकायचा. ही माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि वरच्या घरांचे पाये हलतात. म्हणून उन्हाळ्यात लोक बागेबरोबर घराच्या पायालाही पाणी घालतात!

महामार्ग, मॉल, डॅलस काउबॉइज या अमेरिकन फुटबॉल संघाचं मुख्यालय हे सगळं नंतर आलं. आयटीमुळे भारतीय कुटुंबंही मोठ्या संख्येने आली. इथलं कार्यसिद्धी हनुमान मंदिर सुप्रसिद्ध आहे.

आधी शेतीत आणि मग या वाढीत मूळचा गवताळ प्रदेश मात्र जवळपास संपला, आणि ही हानी मोठी आहे.

डॅलसला नातेवाइकांकडे जाणार असाल, तर मॉलच्या आधी फ्रिस्कोचं हेरिटेज म्युझियम नक्की पाहा.